कच्ची यादी

खंडेराव ढोमसेंच्या शर्टाच्या खिशाला कायम लाल पेन्सिलीचा डाग असायचा. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, बाजारात मिळतील ते सगळे साबण वापरून पाहिले. डाग फिका व्हायचा, जायचा नाही. मी त्यांना एकदा म्हटलं, "नाना, पेन्सिल ड्रॉवरमध्ये ठेवत जा की." तर म्हणाले, "ड्रॉवरमधली पेन्सिल सरकारची. खिशातली माझी." निफाडकडचा माणूस. बोलणं तुटक, पण मनात काही ठेवणारा नव्हे, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

मी मीना. नाशकातल्या एका सरकारी कचेरीत पंचवीस वर्षं कारकून आहे. कोणती कचेरी ते सांगत नाही, कारण माझी नोकरी अजून बाकी आहे आणि मला ती शांतपणे संपवायची आहे. आमचा अभिलेख कक्ष, ज्याला सगळे रेकॉर्ड रूमच म्हणतात, तळमजल्यावर मागच्या बाजूला आहे. नानांनी तिथे बत्तीस वर्षं काढली. बाकीच्यांची तिथे बदली झाली की तोंडं वाकडी होतात. धूळ, झुरळं, खिडकीबाहेर भंगारातल्या जीपा. नाना मात्र तिथून हलायला तयार नसत. दोनदा बढती आली, दोनदा त्यांनी लिहून दिलं की मला नको. आम्ही त्यांना अर्धवट ठरवून मोकळे झालो.

त्या लाल पेन्सिलीचं काम आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रकरण निकाली निघालं की फाईल रेकॉर्ड रूमला येते. आली की तिच्यावर एक अक्षर लिहायचं. अ म्हणजे कायम ठेवा. ब म्हणजे तीस वर्षं, क म्हणजे दहा. ड म्हणजे वर्षभर ठेवा आणि मग नष्ट करा. सही साहेबांची असते, पण शंभर गठ्ठ्यांवर सही करणारा साहेब एकही गठ्ठा सोडून बघत नाही. म्हणजे कुठला कागद राहणार आणि कुठला जाणार, हे प्रत्यक्षात कारकुनाची पेन्सिल ठरवते.

लोकांना वाटतं रेकॉर्ड रूम म्हणजे अडगळ. त्यांनी एकदा आमच्या खिडकीशी येऊन उभं राहावं. कुणाला आजोबांच्या शाळेचा दाखला हवा असतो, कुणाला पणजोबांच्या जमिनीची नोंद. रोज कुणीतरी डोळे पुसत उभं असतं. नानांना मोडी वाचता यायची, त्यामुळे जुन्या वह्या घेऊन लोक थेट त्यांच्याकडे यायचे. सापडलेल्या कागदाची नक्कल ते त्याच दिवशी द्यायचे. कुणी पेढे आणले तर शिपायाला वाटून टाकायचे, स्वतः घ्यायचे नाहीत. चहा मात्र त्यांनी कधी कुणाला विचारला नाही. "ही काय सोयरीक आहे का?" म्हणायचे.

म्हणून साळूबाईला त्यांनी चहा मागवला तेव्हा मी मान वर करून बघितलं होतं.

साळूबाई पहिल्यांदा आली ती २००१च्या दिवाळीनंतर. पेठच्या बाजूची, डोंगरातली बाई, तेव्हा पन्नाशीची असेल. तिचं गाव, करंजपाडा, एका धरणात गेलं होतं. गाव उठवण्याआधी १९७६ साली मोजणीवाले आले. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांची नावं भूसंपादनाच्या निवाड्यात आली. पण एकोणचाळीस घरं वनजमिनीवर होती आणि त्या लोकांच्या नावावर काहीच नव्हतं. त्यांची नोंद फक्त एका वहीत झाली: घर कुणाचं, माणसं किती, परसात झाडं कोणती. त्या वहीची नक्कल मिळाली तर साळूबाईला प्रकल्पग्रस्ताचा दाखला मिळणार होता, आणि त्या दाखल्यावर घरातल्या एकाला सरकारी नोकरीच्या राखीव जागेवर अर्ज करता येणार होता. तिचा मुलगा काळू तेव्हा पंचवीस वर्षांचा होता, बारावी झालेला. अंबडला एका कारखान्यात ठेकेदाराकडे माल उचलायचा.

"भाऊसाहेब, माझं घर लिव्हलंय त्यात," ती खिडकीतून म्हणाली. "मी उभी व्हते तिथं. लिव्हणाऱ्यानं मला इचारून लिव्हलंय."

नानांनी गावाचं नाव लिहून घेतलं. म्हणाले, "पुढच्या महिन्यात या."

ती पुढच्या महिन्यात आली. नाना उठून बाहेर गेले, तिला बाकावर बसवलं आणि चहा मागवला. मग म्हणाले, "शोध चालू आहे." तिच्या अर्जाला तसं पत्रही गेलं: 'सदर अभिलेखाचा शोध चालू आहे. सापडताच कळवण्यात येईल.' ते पत्र मी टाईप केलं. नवी होते, टाईप करायला दिलं की करायचे.

त्यानंतर बावीस वर्षं ती येत राहिली. कधी दोन महिन्यांनी, कधी वर्षाने. येताना कधी करवंदं, कधी नागलीचं पीठ. नाना घ्यायचे नाहीत, ती ठेवून जायची. दरवेळी चहा, दरवेळी 'शोध चालू आहे', आणि अर्ज दिला असेल तर तेच पत्र. पुढे टाईपरायटर गेला, कॉम्प्युटर आला. मी ते पत्र सेव्ह करून ठेवलं होतं, फक्त तारीख बदलायचे.

मी कंटाळून एकदा म्हटलंही, "नाना, नाही म्हणून सांगा ना तिला एकदाचं. म्हातारी उगाच हेलपाटे घालते."

"शोधतोय ना मी," नाना म्हणाले.

आणि ते खरोखरच शोधत होते, हे मला माहीत होतं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी एक गठ्ठा सोडून बघायचे. रविवारी येऊन बसायचे. मुंबईच्या पुराभिलेख विभागाला त्यांनी स्वतःच्या नावाने पत्रं लिहिली, पुण्याला लिहिली, धरणाच्या खात्याला लिहिली. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराला लिहिलेली इंग्रजी पत्रं तर माझ्याच हातची. मला वाटायचं, काय हा माणूस, परक्या बाईसाठी एवढा जीव टाकतो. घरी मुलांना सांगायचे मी की आमच्या ऑफिसात एक नाना आहेत, त्यांच्याकडून शिका.

२०२१ साली काळूची वयाची अट उलटली. साळूबाईने खिडकीशी येऊन सांगितलं तेही साध्या आवाजात. "काळूचं ऱ्हायलं आता, भाऊसाहेब. पन नात हाय. तिच्यासाठी बघा." नाना त्या दिवशी चहा मागवायला गेले ते अर्धा तास आले नाहीत. मी बघायला गेले तर मागच्या जीपेच्या मडगार्डवर बसले होते.

पुढच्या वर्षी नाना निवृत्त झाले. रेकॉर्ड रूमचा पदभार माझ्याकडे आला. किल्ल्या दिल्या, रजिस्टरं दिली, खिशातली पेन्सिलही काढून दिली. म्हणाले, "वाचल्याशिवाय अक्षर टाकू नको." मला वाटलं, निवृत्तीच्या दिवशी माणूस असं काहीबाही बोलतोच.

२०२३च्या पावसाळ्यात साळूबाई नातीला घेऊन आली. नात तेजस्विनी, बावीस वर्षांची, चुणचुणीत पोरगी. आरोग्य खात्याच्या भरतीत तिचं नाव प्रकल्पग्रस्तांच्या यादीत निवडीसाठी आलं होतं. अर्ज करताना तिने 'दाखला मिळण्यासाठी अर्ज केला आहे' असं लिहिलं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. अर्ज तिच्या जन्माच्या वर्षापासून चालूच होता. आता डिसेंबरअखेर दाखला दाखवायचा होता, नाहीतर जागा पुढच्याला.

मी नानांना फोन केला. त्यांनी शेवटची तारीख दोनदा विचारून घेतली. मग म्हणाले, "दिल्लीला जाऊन येतो."

"अहो, त्यांनी कळवलंय ना की त्यांच्या सूचीत अशी यादी दिसत नाही?"

"सूचीत नसेल. फाईलच्या पोटात असेल. त्यांनीच लिहिलंय, स्वतः येऊन बघू शकता. धरणाची मंजुरी केंद्राकडून आली होती. राज्याने सोबत काय काय पाठवलं, ते त्यांच्याकडे ठेवलेलं असणार."

साठीला टेकलेला माणूस, गुडघे दुखणारा, हिंदी अशी की रिक्षावाला हसेल. नाशिकरोडहून गाडीत बसून गेला आणि आठव्या दिवशी परत आला. स्टेशनवरून घरी न जाता थेट माझ्याकडे, रेकॉर्ड रूममध्ये. हातात पिशवी, दाढी वाढलेली.

आधी दिल्लीचंच सांगत बसले. "मीना, काय जागा आहे ती! कुणीही जावं, ओळखपत्र दाखवावं, चिठ्ठी भरावी, कागद टेबलावर हजर. तू कोण, तुला कशाला हवंय, कुणी विचारत नाही. पेन न्यायला बंदी. फक्त पेन्सिल. मी म्हटलं, हे तर आपलंच घर. एकाने मला दुरुस्तीचं काम दाखवलं. फाटका कागद, हात लावला तर भुगा होईल असा, त्याला दोन्ही बाजूंनी पातळ कागद लावून सांधत होते. एक बाई एका पानावर सकाळपासून बसलेली. एका पानावर, मीना."

हे सगळं ते आधी का सांगतायत ते मला कळेना. मी विचारलं, "सापडलं का?"

त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. एका इंग्रजी पत्राची प्रत होती, १९७७ सालची. "मला कळलंय काय ते," नाना म्हणाले, "तरी तू वाच. मराठीत सांग. मोठ्याने."

पत्र राज्याकडून केंद्राला गेलेलं. मी वाचून सांगितलं: "करंजपाडा गावातील भूमिहीन कुटुंबांची एकोणचाळीस घरे बाधित होत आहेत. त्यांची नावनिहाय यादी सोबत जोडलेली नाही. सदर यादी स्थानिक कार्यालयात कायमस्वरूपी जतन करण्यात आली आहे."

"स्थानिक कार्यालय म्हणजे आपणच की," मी म्हटलं. "म्हणजे यादी इथेच असायला पाहिजे."

"होती," नाना म्हणाले.

मग ते उठले आणि कपाटातून नष्ट केलेल्या अभिलेखांचं रजिस्टर काढलं. पान शोधावं लागलं नाही, हाताला सवय होती. १९९६ साल, रेकॉर्ड रूम साफ करण्याची मोहीम. नोंद नानांच्याच अक्षरात: 'मौजे करंजपाडा, घरांची व झाडांची यादी (कच्ची), वही १, वर्ग ड.' पुढे नष्ट केल्याची तारीख.

"वहीवर 'कच्ची यादी' लिहिलेलं होतं," ते म्हणाले. "कच्ची यादी म्हणजे पक्की कुठेतरी असणारच. कच्चं ते ड, हे आपण डोळे मिटून करतो. दिवसाला दीडशे गठ्ठे हातावेगळे करायचे होते. मी आत उघडून बघितलंसुद्धा नाही. पक्की कधी कुणी केलीच नव्हती, मीना. तेवढी एकच वही होती."

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"ती पहिल्यांदा आली, त्याच आठवड्यात."

मी चिडले. खोटं कशाला सांगू, चूक ऐकून नाही चिडले. चूक कुणाच्याही हातून झाली असती, माझ्याही. मी चिडले ते पुढच्या बावीस वर्षांवर. आमच्या धंद्यात कुणालाही ठाऊक असलेली गोष्ट आहे ती: अभिलेख नष्ट झाला असं कचेरीने लिहून दिलं, तर माणसाला दुसरा पुरावा देता येतो. गावच्या म्हाताऱ्यांचे जबाब होतात, पंचनामा होतो. २००१ साली करंजपाड्याची वीस-पंचवीस जाणती माणसं जिवंत असतील. पण 'शोध चालू आहे' म्हटलं की प्रकरण उघडं राहतं आणि बाकीची सगळी दारं बंद होतात.

"पहिल्याच वर्षी 'नष्ट' लिहिलं असतं तर काळू आज नोकरीत असता," मी म्हटलं.

"चौकशी लागली असती. दोन मुली होत्या पदरात. वाटलं, दुसरीकडे कुठे प्रत सापडेल, गुपचूप आणून ठेवीन." मग म्हणाले, "शोध चालू आहे हे खोटं नव्हतं गं. मी खरंच शोधत होतो."

मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं. त्या पत्रावर तारीख बदलणारे हात माझे होते, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा नीट कळलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं साळूबाईकडे गेलो. अंबडच्या कारखान्यांच्या मागे दोन खोल्यांचं घर. काळू पहिल्या पाळीहून आलेला, कंपनीच्या निळ्या शर्टातच जेवायला बसला होता. नानांनी दारात उभं राहूनच सगळं सांगितलं. कुठेही मोहीम होती, साहेबांची सही होती, असं म्हणाले नाहीत. मी लिहिलं, माझ्या हाताने गेलं, मला माहीत होतं, एवढंच.

काळूने ताट सारलं, हात धुतला आणि आमच्याकडे न बघता बाहेर निघून गेला. मला वाटलं होतं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं नाना पुढे मला म्हणाले होते.

साळूबाई भिंतीला टेकून बसली होती. काळू गेला त्या दाराकडे तिने बघितलं. मग म्हणाली, "म्हंजे कागद नव्हताच?"

"नव्हता."

"मंग दरवेळी चहा कशापायी पाजत व्हता, भाऊसाहेब?"

नाना खाली बसले. रडले. मी त्यांना रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि मला त्यांना थोपटावंसं वाटलं नाही.

त्यानंतरचे दोन महिने मात्र मी विसरणार नाही. नानांनी प्रतिज्ञापत्र केलं की यादी माझ्या चुकीने नष्ट झाली. पेन्शनचं काय होईल विचारलं नाही. कचेरीला आता 'नष्ट' म्हणून लिहून देणं भाग पडलं, आणि साहेबांनी आदेश दिला की गावच्या जाणत्या माणसांचे जबाब घ्या. शोधलं तर करंजपाड्याची जाणती माणसं तीनच उरली होती. एकाला ऐकू येत नव्हतं. एक सुरतेला लेकीकडे अंथरुणावर. तिसरी साळूबाई.

दर मंगळवारी दुपारी ती रेकॉर्ड रूममध्ये यायची. नाना समोर वही घेऊन बसायचे. तिला आकडे येत नव्हते, पण घरं ओळीने येत होती. डोळे मिटायची आणि नदीकडून चालायला लागायची.

"ह्ये पयलं चंदरचं. कुडाचं घर, म्होरं पडवी. मागं दोन आंबं, येक गोड, येक आंबट. त्याच्या वर कुसाबाईचं. येकली बाई, घरात माणूस येकच लिवा. शेवग्याचं झाड व्हतं, मोडकं. मंग वाट वळती. तितं लताबाईचं…"

मध्येच थांबायची, मान हलवायची. "नाय नाय, मागं चला. मोहाचं झाड ऱ्हायलं." नाना खोडायचे नाहीत, बाजूला जागा सोडत असत, तिथे मोहाचं झाड लिहायचे. कुठल्या घरात किती माणसं, कुणाची सून तेव्हा माहेरी गेली होती, सगळं. एकविसावं घर आलं. ते तिचं होतं.

"इतं त्या लिव्हणाऱ्या बाबूनं इचारलं व्हतं, माणसं किती," ती म्हणाली. "म्या म्हनलं, पाच, आन येक पोटात. त्यो हसला. पोटातलं लिवत न्हाईत म्हनला. पाचच लिव्हलं. काळू व्हता पोटात."

नानांनी विचारलं, "किती लिहू?"

"आता तुमीच ठरवा."

नानांनी सहा लिहिले.

एकोणचाळीस घरं आणि दोनशे चौदा झाडं झाली. नानांनी सगळी वही स्वच्छ अक्षरात पुन्हा उतरवून काढली, पानांना आकडे घातले, साळूबाईचा अंगठा घेतला आणि प्रकरणासोबत दाखल केली. डिसेंबरचे बारा दिवस हातात होते.

निकाल जानेवारीत आला. 'सदर यादी एका व्यक्तीच्या स्मरणावर आधारित असून तिला कोणत्याही मूळ अभिलेखाचा आधार नाही. सबब कच्च्या स्वरूपाची असल्याने ग्राह्य धरता येत नाही. अर्ज नामंजूर.' तोपर्यंत तेजस्विनीची जागा पुढच्या मुलीला गेली होती. नियमाने बघितलं तर निकालात चूक नव्हती. मीही त्या खुर्चीवर असते तर बहुतेक हेच लिहिलं असतं, आणि म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

निकालाची प्रत घेऊन नाना एकटेच अंबडला गेले. तिथे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "तिने चहा केला होता. मी प्यालो."

ऑगस्टमध्ये नाना गेले. सकाळी पेपर वाचता वाचता. दहाव्याला गोदावरीवर साळूबाई आली होती, काळू आणि तेजस्विनीला घेऊन. काळू लांब उभा होता, पण आला होता. वहिनींना ही माणसं कोण ते ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, नानांच्या ओळखीची आहेत.

आता माझं. प्रकरण निकाली निघालं की फाईल रेकॉर्ड रूमला येते, तशी तीही आली होती, नाना जिवंत असतानाच. नामंजूर अर्ज, सोबत हाताने लिहिलेली वही, निकालातच तिला कच्ची म्हटलेलं. यावर काय अक्षर पडतं ते आमच्याकडचा कालचा शिकाऊसुद्धा सांगेल. मी ती टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली होती, हात लावत नव्हते. नानांच्या दहाव्याहून आले त्या दुपारी मी ती उघडली आणि पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत वाचली. मग नानांनी दिलेली पेन्सिल घेतली आणि वर अ लिहिला. नियम मोडला. साहेबांनी गठ्ठ्यावर सही केली, अर्थातच न बघता.

गेल्या महिन्यात, म्हणजे त्याला वर्ष उलटून गेल्यावर, तेजस्विनी खिडकीशी आली. ती आता पाथर्डी फाट्याजवळ एका खाजगी दवाखान्यात आहे, सरकारीच्या निम्म्या पगारावर. वाटलं, पुन्हा दाखल्याचं काही निघालं की काय, आणि पुन्हा मला नाही म्हणावं लागणार.

"दाखला नकोय मॅडम," ती म्हणाली. "त्या वहीची नक्कल मिळेल का? आजीने सांगितलेली?"

"कशासाठी?" मी विचारलं. फॉर्मवर तसा रकानाच असतो.

"आजी विसरायला लागलीय. आम्हाला ओळखत नाही कधीकधी. पप्पांना परवा भाऊसाहेब म्हणाली. पण उठून बसते आणि विचारते, नदीकडून तिसरं घर कुणाचं? मोहाच्या खालचं कुणाचं? सारखं विचारते, आणि आमच्यातल्या कुणालाच माहीत नाही. आम्ही काहीही नाव सांगितलं की म्हणते, न्हाय, आणि रडायला लागते. म्हटलं वही असेल तर तिला वाचून दाखवता येईल." मग खालच्या आवाजात म्हणाली, "टाकून दिली असेल तर राहू द्या."

मी आत गेले. अ वर्गाच्या मांडणीवरून गठ्ठा काढला, सोडला. वही जागेवर होती. एकोणचाळीस पानांच्या प्रती काढल्या, एकेका पानावर शिक्का मारला, 'मूळ अभिलेखाप्रमाणे खरी नक्कल', आणि खाली सही केली. तिसऱ्या पानावर लताबाईचं घर होतं.

बाहेर आले तर तेजस्विनी त्याच बाकावर बसली होती, जिथे तिची आजी बसायची. शिपाई चहाची किटली घेऊन चालला होता आणि सवयीने मी त्याला हाक मारायला तोंड उघडलं. मग थांबले. आधी तिच्या हातात कागद दिले, तिने ते मोजून घेतले, आणि त्यानंतरच मी दोन चहा सांगितले.